विदर्भातच सहल काढायची, तर आधी काय वाचावे: मार्गदर्शिका की गॅझेटिअर?

सोयाबीन घरी आल्यावर आणि कापसाचा वेचा जोरात सुरू होण्याआधी जे थोडे मोकळे दिवस मिळतात, त्यांत घरच्या मंडळींना घेऊन कुठेतरी जाऊन यावे, असे आमच्या भागातल्या पुष्कळ कुटुंबांच्या मनात असते. फार लांबचा प्रवास जमत नाही, म्हणून बोलणे चिखलदरा, लोणार, नवेगावबांध, रामटेक, मार्कंडा अशा विदर्भातल्याच नावांवर येते. जाण्याआधी त्या भागाविषयी काहीतरी नीट वाचून घ्यावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासमोर मुख्यतः दोन पर्याय असतात: पर्यटनाची मार्गदर्शिका आणि जिल्ह्याचे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ. दोन्ही हाताशी ठेवून मी सहली आखल्या आहेत, त्यामुळे पुढचे मत अनुभवावर आधारलेले आहे. दुसऱ्या कुणाची गरज वेगळी असू शकते, हे मान्य करूनच ते मांडतो.

मार्गदर्शिकेचा उपयोग उघड आहे. ती हलकी असते, पिशवीत मावते, मराठीत असते आणि घरातल्या कुणालाही पाच मिनिटांत वाचून दाखवता येते. कोणते ठिकाण सकाळी पाहावे, कुठे चढण आहे, कुठे म्हाताऱ्या माणसांना नेऊ नये, हे चांगल्या मार्गदर्शिकेत नेमके सांगितलेले असते. राहण्याजेवण्याची माहिती मात्र छापून बाहेर पडेपर्यंतच जुनी होऊ लागते, आणि आता ती फोनवरही मिळते, म्हणून त्या बाबतीत तिला फार गुण द्यावेत असे मला वाटत नाही.

माझे मन मार्गदर्शिकेवरून उडाले ते एका वेगळ्याच गोष्टीमुळे. विदर्भावरची जी मार्गदर्शिका मी उघडली, तिच्यात वाचणारा माणूस पुण्यामुंबईहून निघाला आहे असे धरूनच सगळे लिहिलेले आढळले. चिखलदऱ्याला कसे जावे, तर रेल्वेने बडनेऱ्याला उतरावे, तिथून अमरावती, तिथून गाडी करून परतवाड्यावरून घाट चढावा. हे चुकीचे मुळीच नाही. परंतु मोर्शी तालुक्यातल्या खेड्यातून निघणाऱ्या माणसाने आधी उलट्या दिशेने खाली बडनेऱ्याला जायचे आणि मग पुन्हा वर परतवाड्याकडे यायचे, याला काय अर्थ आहे? आमच्याकडून सरळ रस्ता चांदूर बाजारावरून परतवाड्याला जातो, आणि एसटीने जाणारी आमच्याकडची सगळी माणसे त्याच रस्त्याने जातात. या रस्त्याचा उल्लेख त्या पुस्तकात एका शब्दानेही नव्हता. अंतरे पुण्यामुंबईपासून मोजलेली, मुक्कामाची रात्र रेल्वेच्या वेळेवर बेतलेली आणि इथले जेवण, इथली बोली यांविषयीचे वर्णन बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या नजरेतले. ज्या मुलखात आपण जन्मलो, त्याच मुलखाच्या पुस्तकात आपल्यासाठी जागा नसावी, हे मला फार खटकले, आणि अजूनही खटकते.

यात नुसता मनाचा प्रश्न नाही; प्रत्यक्ष तोटाही होतो. बडनेऱ्याहून आखलेल्या मार्गावर जे येत नाही, ते पुस्तकातही येत नाही. मोर्शी आणि चांदूर बाजार यांच्या दरम्यान रिद्धपूर आहे. गोविंदप्रभूंचे हे गाव, महानुभाव पंथाचे मोठे तीर्थ. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र याच परंपरेतले, आणि याच कारणाने राज्याचे मराठी भाषा विद्यापीठ इथे स्थापन झाले. चिखलदऱ्याला जाताना तासभर वाट वाकडी करून मुलांना हे गाव दाखवता येते. मोर्शीच्या उत्तरेला मध्य प्रदेशाच्या सीमेवर सालबर्डी आहे, तिथल्या डोंगरातल्या महादेवाची महाशिवरात्रीची यात्रा आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. पण ज्या पुस्तकाचा लेखक रेल्वेने येतो, त्याच्या वाटेत ही दोन्ही ठिकाणे लागत नाहीत.

गॅझेटिअरचा आरंभच वेगळ्या जागेवरून होतो. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर जिल्ह्यांची गॅझेटिअरे नव्याने तयार झाली. नागपूरचे १९६६ मध्ये आणि अमरावतीचे १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत भूगोल, इतिहास, लोक, शेती, व्यापार अशी प्रकरणे असतात आणि पुढे 'ठिकाणे' या प्रकरणात गावांची वर्णने अकारविल्हे येतात. या मांडणीमुळे मोठे स्थळ आणि लहान गाव एकाच रांगेत बसतात. बहुतेक खंडांच्या शेवटी खेड्यांची तालुकावार यादी असते, आणि सहल आखणाऱ्याने मुख्यतः याच भागाकडे लक्ष द्यावे असे मी सुचवीन. प्रत्येक गावापुढे रकाने आखलेले असतात: तालुक्याच्या गावापासूनचे अंतर, टपाल कार्यालय, सर्वांत जवळचे रेल्वे स्टेशन, आठवडी बाजाराचे गाव आणि त्याचा वार, मोटार थांबा, पाणी विहिरीचे की नदीचे, आणि अखेरच्या रकान्यात शाळा, देवळे व यात्रा, तीही महिना, पक्ष आणि तिथीसह. हे सगळे आखूड खुणाक्षरांत छापलेले असते, म्हणून आधी त्या खुणांचा तक्ता वहीत उतरवून घ्यावा लागतो. एकदा तो हाताशी आला की पान भराभर वाचता येते.

आमच्या घरी ही यादी उघडल्यावर मुलांनी साहजिकच सर्वांत आधी आपले गाव शोधले, मग मामाचे, मग आत्याचे. माझ्या आईला बाजाराचा वार वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "बजार तं आजबी बुधवारीच भरते." मला महत्त्वाचे वाटते ते हेच. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची लोकसंख्या आज निरुपयोगी आहे, मोटार थांबा आता गावात आला आहे, परंतु बाजाराचा वार सहसा बदलत नाही आणि यात्रेची तिथी तर नाहीच. ज्या गावावरून जायचे, तिथे बाजाराच्या दिवशी पोचलो तर त्या भागाचे धान्य, भाजी, मातीची भांडी, माणसे असे सगळे एका फेरीत पाहायला मिळते, आणि हे नियोजन मला मार्गदर्शिकेवरून कधीच करता आले नसते.

इतिहासाच्या बाबतीतही तोच अनुभव. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाविषयी मार्गदर्शिका सांगते की किल्ला जुना आहे आणि वरून दरी सुंदर दिसते. गॅझेटिअर वाचून गेलेल्या माणसाला हा किल्ला बहमनी सुलतान अहमदशहाच्या काळातला, १४२५ च्या सुमाराचा म्हणून समजतो, आणि डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजांनी तो घेतला तेव्हा मुख्य हल्ला उत्तरेकडून, पठाराच्या अंगाने झाला, हेही समजते. आपणही चिखलदऱ्याकडून आत शिरतो ते त्याच अंगाने. ही एक गोष्ट माहीत असली की तट, दरवाजे आणि दरी यांचा एकमेकांशी असलेला संबंध चालता चालता उलगडत जातो, आणि मुलेही मध्येच कंटाळत नाहीत.

गॅझेटिअरच्या उणिवा मात्र लपवण्यात अर्थ नाही. बहुतेक खंड इंग्रजीत आहेत, त्यामुळे घरातल्या एखाद्याने वाचून मराठीत सांगावे लागते. ग्रंथ जाडजूड असतो, आणि तालुक्याच्या वाचनालयात तो असलाच तर संदर्भ विभागात असतो, घरी देत नाहीत. तिथेच बसून टिपणे काढावी लागतात. गॅझेटिअरे काढणाऱ्या राज्य सरकारच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर हे खंड विनामूल्य वाचता येतात, पण खेड्यातल्या नेटवर्कवर ते उघडायला धीर लागतो. शास्त्रीय माहितीही जुनी असू शकते. लोणारचे उदाहरण घ्या: विसाव्या शतकाच्या आरंभी तिथले विवर ज्वालामुखीचे मानण्याकडे कल होता, ते उल्काघाताने झाले हे १९७० च्या दशकातल्या संशोधनानंतर पक्के झाले, आणि २०२० मध्ये या सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. लोणारला जायचे असेल, तर जुन्या गॅझेटिअरपेक्षा नवी मार्गदर्शिका निःसंशय बरी. दैत्यसूदनाच्या देवळासाठी आणि आसपासच्या गावांसाठी मात्र मी गॅझेटिअरही चाळीन.

ताडोब्याला जाणाऱ्याने दोन्हींवर विसंबू नये. तिथले प्रवेशाचे नियम, आरक्षण आणि बंदचे दिवस वनविभागाच्या ताज्या सूचनांवरूनच पाहावेत, आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असते हे ध्यानात ठेवून बेत आखावा.

जंगलाच्या सहलीपूर्वी मारुती चितमपल्ली यांचे एखादे पुस्तक वाचावे की नाही, असेही कुणी विचारते. अवश्य वाचावे, पण सहल आखण्यासाठी नव्हे. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून ते राहिले, आणि तिथल्या तळ्याचे, पक्ष्यांचे आणि माणसांचे जे दर्शन त्यांना घडले ते वर्षानुवर्षांच्या सहवासातून. ठरलेल्या वेळेला जिप्सीतून फिरणाऱ्या पर्यटकाला ते एका सकाळी घडेल, अशी अपेक्षा धरली तर निराशाच पदरी पडते. माझ्या मते त्यांचे लेखन परत आल्यावर वाचलेले अधिक उमगते. जाण्याआधी, नवेगावबांधचे तळे कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने बांधल्याची परंपरा आणि भंडाऱ्याकडच्या मालगुजारी तलावांची, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातल्या गावतलावांची, व्यवस्था समजून घ्यावी, आणि त्यासाठी पुन्हा गॅझेटिअरच उपयोगी पडते.

ज्यांच्या सहलीत एकच रात्र आहे आणि ठिकाणही एकच आहे, त्यांना मार्गदर्शिका पुरेल. ज्यांना स्वतःच्या गावाहून, स्वतःच्या रस्त्याने, दोन-तीन ठिकाणे जोडत जायचे आहे, त्यांनी जिल्ह्याचे गॅझेटिअर शोधण्याचे कष्ट घ्यावेत असे मी आग्रहाने म्हणेन. एवढे ध्यानात ठेवावे की हे खंड निघाले तेव्हा आजचे काही जिल्हे अस्तित्वात नव्हते. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरापासून वेगळा झाला, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यापासून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून. म्हणून मार्कंड्याची देवळे चंद्रपूरच्या खंडात, कारंजा अकोल्याच्या खंडात आणि नवेगावबांध भंडाऱ्याच्या खंडात पाहावे. लोणारही आज स्वतंत्र तालुका असला तरी गावांच्या यादीत ते मेहकर तालुक्याखाली शोधावे लागते.