जुन्या दिव्यांना अर्थिंग नाही: नवी तार, आरसीसीबी की प्लास्टिकचे दिवे?

इंदूरच्या रामबाग, नारायण बागेकडच्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरचं दोन तारांचं वायरिंग अजूनही सापडतं. फेज आणि न्यूट्रल, बस्स. बॅकेलाइटच्या होल्डरला तेवढं पुरत होतं. अडचण सुरू होते ती पितळी झुंबर किंवा पत्र्याची ट्यूबलाइट टांगल्यावर: आत फेज धातूला टेकला, तर ती वीज जमिनीत नेणारी तिसरी, अर्थची तार तिथे नसतेच.

भाड्याच्या घरात प्लास्टिकचे, दुहेरी इन्सुलेशनचे दिवे लावून मोकळे व्हा. चौकोनात चौकोन हे चिन्ह बघून घ्या; त्यांना अर्थ लागतच नाही. पंखा मात्र धातूचाच राहतो.

घर स्वतःचं असेल तर अर्थसाठी १.५ चौरस मिलिमीटरची हिरवी तांब्याची तार ओढा. पट्टीशेजारून केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे झाकणाच्या पट्टीतून, ती सहज जाते. भिंतीतल्या पाइपात जुन्या तारा चिकटलेल्या असतात, वळणावर तार ओढायची स्प्रिंग अडकते. तिथे एकच तार घुसवण्यापेक्षा तिन्ही नव्या ओढाव्यात.

पण तार जाते कुठे, हे कोणी विचारत नाही. माळव्याची काळी माती पावसाळ्यात ओल धरते, उन्हाळ्यात भेगाळून अर्थच्या पाइपापासून सुटते. म्हणून अर्थच्या खड्ड्याचा रोध मे महिन्यात मोजावा. रोध २० ओहम निघाला, तर फेज झुंबराला टेकल्यावर २३० व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतात. जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच म्हणजे एमसीबी; ६ अँपिअरची सी प्रकारची एमसीबी लगेच पडण्याची खात्री ६० अँपिअरला. तोवर हिरवी तार असूनही झुंबर झटका देणारच.

इथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी कामाची: फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडला की वीज तोडणारा स्विच. नुसत्या दोन तारांवरही ती चालते, पण अर्थ नसेल तर माणसाने हात लावल्यावरच पडते: झटका बसतो, सहसा जीव वाचतो. एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल आला तर तिला काहीच कळत नाही. जुन्या घरात दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असले, की ती दिवा लावताच पडते. इलेक्ट्रिशियन तिलाच खराब ठरवून काढून टाकतो. आधी न्यूट्रल वेगळे करून घ्या.

पैसे बेताचे असतील तर आमचा क्रम असा: आधी आरसीसीबी, मग पंखे आणि धातूच्या दिव्यांना हिरवी तार, बाकी प्लास्टिक.

न्यूट्रलवरून झुंबराच्या अंगाला जोड मारून देणाऱ्याला मात्र थांबवा. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की दिव्यातून फिरून फेज थेट झुंबरावर येतो. नळाचा पाइपही अर्थ म्हणून नको; अर्धी लाइन कधीच प्लास्टिकची झालेली असते.