मोल्डिंग मशीनसाठी कोणता रोबोट: कार्टेशियन, सहा अक्षांचा की कोबॉट?

इंजेक्शन मोल्डिंग मशीनला (वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू बनवणाऱ्या यंत्राला) रोबोट जोडायचा असे एकदा ठरले की विक्रेत्यांची माहितीपत्रके येऊ लागतात, आणि किती किलो उचलतो, हात किती लांब पोहोचतो, पुनरावृत्ती-अचूकता किती, या आकड्यांची तुलना सुरू होते. हे आकडे निरुपयोगी नाहीत. परंतु निवडीची सुरुवात त्यांच्यापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवात दोन प्रश्नांपासून करावी. एकूण सायकलमध्ये, म्हणजे साचा मिटण्यापासून पुन्हा मिटेपर्यंतच्या एका फेरीत, साचा उघडा राहण्याचा काळ किती आहे, आणि साच्यातून बाहेर आल्यानंतर त्या वस्तूवर आणखी कोणते काम करायचे आहे? पहिला प्रश्न जिथे कळीचा आहे तिथे कार्टेशियन (सरळ अक्षांवर सरकणारा) रोबोट, दुसरा जिथे कळीचा आहे तिथे सहा अक्षांचा (माणसाच्या हातासारखा सांध्यांत वळणारा) रोबोट, आणि काम मशीनच्या बाहेरचे व वारंवार बदलणारे असेल तर कोबॉट, म्हणजे माणसाशेजारी काम करण्यासाठी बनवलेला रोबोट, असा कौल साधारणपणे मिळतो. या नियमाला अपवाद आहेत आणि त्यांचा विचार पुढे केला आहे.

त्याआधी, रोबोट मुळात हवा का, हे तपासले पाहिजे. लहान, ओरखड्यांची पर्वा नसलेली आणि रनर (प्लास्टिक ज्या वाटेने आत येते तिथे गोठलेली काडी) आपोआप सुटा होणारी वस्तू इजेक्टरने (साच्यातून वस्तू बाहेर ढकलणाऱ्या दांड्यांनी) ढकलल्यावर खालच्या कन्व्हेयरवर पडत असेल, तर तिला हाताळायला रोबोट लावणे म्हणजे चालत्या कामात एक जास्तीचे यंत्र घुसवणे होय. केवळ स्प्रू (रनरच्या तोंडाशी गोठलेला मुख्य दांडा) आणि रनर बाजूला काढून ते पुन्हा दळायला ग्राइंडरमध्ये टाकायचे असतील, तर हवेच्या दाबावर चालणारा साधा स्प्रू पिकर पुरतो. रोबोटची खरी गरज भासते ती चकचकीत पृष्ठभागाच्या, मोठ्या, नाजूक किंवा ठरावीक दिशेने ठेवाव्या लागणाऱ्या वस्तूंसाठी, आणि जिथे साच्यात आधी काही बसवावे लागते तिथे.

आणखी एक लाभ आहे, जो हिशेबात फारसा धरला जात नाही. ऑपरेटर प्रत्येक शॉटला (साचा एकदा भरून वस्तू निघण्याला) सेफ्टी गेट उघडून वस्तू काढतो तेव्हा सायकलचा काळ त्याच्या हालचालींप्रमाणे कमी-जास्त होतो. त्यामुळे वितळलेले प्लास्टिक बॅरलमध्ये किती वेळ तापत राहते हेही बदलते, साच्याच्या पृष्ठभागाचे तापमान बदलते, आणि त्याचा परिणाम वस्तूच्या वजनावर, आकुंचनावर आणि रंगावर होतो. रोबोट तेच काम दर वेळी तेवढ्याच काळात करतो, म्हणून प्रक्रिया स्थिरावते. वाचलेल्या मजुरीपेक्षा कमी झालेल्या रिजेक्शनने रोबोटची किंमत अधिक लवकर वसूल झाली, असेही होऊ शकते. विशेषतः अरुंद टॉलरन्सच्या, म्हणजे मापात अगदी थोडाच फरक चालणाऱ्या, वस्तूंमध्ये.

कार्टेशियन: साच्यातून लवकर बाहेर पडण्यासाठी

मोल्डिंग उद्योगात 'टेक-आउट रोबोट', म्हणजे साच्यातून वस्तू काढणारा रोबोट, म्हटले की बहुधा हाच डोळ्यांसमोर येतो. तीन सरळ अक्ष, मशीनच्या स्थिर प्लॅटनवर (साच्याचा न हलणारा अर्धा भाग धरणाऱ्या जाड पाटावर) बसवलेली तुळई आणि वरून साच्यात उतरणारा हात, अशी त्याची रचना असते. हात हलका असतो, हालचाल सरळ रेषेत होते, आणि टाय बारच्या (मशीनचे पाट जोडणाऱ्या जाड दांड्यांच्या) वरच्या मोकळ्या जागेतून आत-बाहेर करायला तो मुळातच घडवलेला असतो. यामुळे साच्याच्या उघड्या काळात त्याच्याशी बरोबरी करणे इतर प्रकारांना कठीण जाते.

हा काळ किती मोलाचा आहे ते गणिताने पाहावे. सायकल 12 सेकंदांची असेल तर तासाला 300 शॉट निघतात. साचा उघडा राहण्याचा काळ एका सेकंदाने घटला तर ते 327 होतात. सायकल 60 सेकंदांची असेल तर तोच वाचवलेला सेकंद तासाला जेमतेम एक शॉट वाढवतो. म्हणजे पातळ भिंतीच्या, जलद निघणाऱ्या वस्तूंसाठी रोबोटचा वेग थेट उत्पन्नात उतरतो, तर जाड, हळू थंड होणाऱ्या वस्तूंसाठी वेगासाठी मोजलेले पैसे वाया जातात. डबे, झाकणे यांसारख्या वेष्टनाच्या वस्तू आणि साच्यातच लेबल चिकटवण्याची प्रक्रिया यांसाठी बाजूने शिरणारे खास वेगवान रोबोट वापरतात, ते याच कारणाने.

याचा दुसरा गुण म्हणजे प्रोग्रामिंगची सोय. टीच पेंडंटवर (रोबोटला हालचाली शिकवण्याच्या हातातल्या पॅनेलवर) टेक-आउटचे तयार साचेबंद क्रम असतात. सेटरने (मशीनवर साचा लावून देणाऱ्याने) फक्त जागा, वेग आणि थांबे भरायचे असतात. रात्रपाळीत साचा बदलल्यावर प्रोग्रामरला फोन करावा लागत नाही. ही बाब माहितीपत्रकात दिसत नाही, परंतु माझ्या दृष्टीने ती पुष्कळ मोठी आहे.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. वरून येणाऱ्या हाताला मशीनच्या वर भरपूर उंची लागते आणि साचा बदलताना क्रेनच्या मार्गात तुळई येऊ शकते. रोबोट मागवण्याआधी छताची उंची व क्रेनच्या हुकाची उंची मोजून घेणे अत्यावश्यक आहे. मनगटाची हालचाल बहुधा एक-दोन ठरलेल्या कोनांपुरती असते, त्यामुळे वस्तू वळवून, तिरपी करून काढायची असेल तर अडचण होते. सर्वो मनगट (हव्या त्या कोनात थांबणारे) घेतल्यास ती कमी होते, पण मग किमतीतला फरकही कमी होतो. शिवाय हा रोबोट मोल्डिंग मशीनशी बांधलेला असतो. उद्या ते काम बंद झाले तर त्याला दुसऱ्या विभागात नेऊन वेगळे काम देणे सहसा जमत नाही.

सहा अक्षांचा: काढल्यानंतरच्या कामासाठी

पहिला औद्योगिक रोबोट युनिमेट 1961 मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात बसवला गेला, आणि त्याचे काम होते डाय कास्टिंग मशीनमधून (वितळलेला धातू साच्यात दाबणाऱ्या यंत्रातून) तापलेले ओतीव भाग बाहेर काढणे. साच्यातून वस्तू काढणे हे काम म्हणजे रोबोटइतकेच जुने आहे. तरीही आजचा सहा अक्षांचा हात केवळ टेक-आउटसाठी घेणे हा बहुतेक वेळा महागडा निर्णय ठरतो. त्याचे मोल वस्तू बाहेर आल्यावर कळते.

कल्पना करावी की सायकल 45 सेकंदांची आहे आणि वस्तू काढून साच्याबाहेर यायला रोबोटला 6 सेकंद लागतात. उरलेले 39 सेकंद तो मोकळा आहे. त्या वेळात गेट (रनर वस्तूला जोडलेला असतो ती जागा) कापणे, कडेची बर (बाहेर आलेली पातळ धार) काढणे, रंगकामाआधी पृष्ठभागावर ज्योत फिरवणे, कॅमेऱ्यासमोर वस्तू सहा बाजूंनी धरणे, पितळी नट उचलून पुढच्या शॉटसाठी साच्यात बसवणे, अशी कामे एकच हात करू शकतो. वेगळ्या टेबलावर बसणारे कामगार, वेगळी फिक्स्चर आणि मधला साठा, हे सर्व त्यामुळे टळते. याउलट सायकल 10 सेकंदांची असेल तर एवढी कामे त्या वेळात बसतच नाहीत, आणि रोबोटच मशीनला थांबवून ठेवू लागतो. म्हणून कामांची यादी करून प्रत्येकाला लागणारे सेकंद मांडावेत आणि बेरीज सायकलपेक्षा ठळकपणे कमी येते का, हे खरेदीआधीच पाहावे.

आकाराने वळणदार वस्तू वक्र मार्गाने साच्यातून सोडवणे, मोठ्या मोटारगाडीचा बंपर फिरवून ठेवणे, कमी उंचीच्या शेडमध्ये बाजूने आत जाणे, अशा ठिकाणीही हा हात उपयोगी पडतो. मात्र जमिनीवर जागा जाते, कुंपण लागते, आणि साच्याच्या अरुंद फटीत सरळ रेषेत हात नेताना मनगटाचे अक्ष एका रेषेत येऊन हालचाल अडखळण्याची शक्यता असते. ती प्रोग्राममध्ये टाळावी लागते. प्रोग्रामिंगची भाषाही उत्पादकानुसार बदलते: कुकाची वेगळी, एबीबीची वेगळी, फॅनकची वेगळी. कारखान्यात आधीच एखाद्या उत्पादकाचे रोबोट आणि ते जाणणारी माणसे असतील, तर तांत्रिक गुणांत थोडी उणीव पत्करूनही त्याच उत्पादकाकडे राहणे शहाणपणाचे ठरते.

अचूकतेबद्दल येथेच सांगितले पाहिजे. माहितीपत्रकात दिलेला प्लस-मायनस 0.05 मिलिमीटरसारखा आकडा हा बहुधा पुनरावृत्तीचा असतो: शिकवलेल्या बिंदूवर रोबोट पुन्हा पुन्हा किती जवळ येतो, एवढेच तो सांगतो. संगणकावर आखलेल्या बिंदूवर तो पहिल्याच वेळी किती बरोबर जाईल, हा वेगळा प्रश्न आहे. आणि गरम प्लास्टिकची वस्तू आकुंचन पावून वाकते तेव्हा तिच्यातला फरक या आकड्यापेक्षा सहज मोठा असतो. टेक-आउटसाठी अचूकतेच्या शर्यतीत अधिक पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. नट बसवणे किंवा सीएनसी मशीनच्या (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्राच्या) चकमध्ये, म्हणजे पकडीत, तुकडा देणे असेल तर मात्र कारण आहे.

सीएनसीचा उल्लेख आला म्हणून हेही नोंदवावे की सहा अक्षांचा हात मोल्डिंगमधून मोकळा झाला तर तो मशीन टेंडिंग (यंत्रात तुकडे भरणे-काढणे), वेल्डिंग, पॅलेटायझिंग (पॅलेटवर माल रचणे) अशा कामांकडे वळवता येतो. सर्वसाधारण उत्पादनाचे अनेक विभाग असलेल्या कारखान्याने हा पुनर्वापर हिशेबात धरावा. केवळ मोल्डिंग करणाऱ्याने त्याला फार वजन देऊ नये.

कोबॉट: कुंपणाशिवाय, पण सरसकट नव्हे

डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सने 2008 मध्ये आपला पहिला हात विकला, आणि त्यानंतर माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोटांचा एक वेगळा बाजार तयार झाला. शिकवायला सोपा, हलवायला सोपा, कमी जागेत मावणारा, हे त्याचे गुण खरेच आहेत. परंतु कुंपण नको म्हणून कोबॉट, हा तर्क अपुरा आहे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या आयएसओ/टीएस 15066 या 2016 च्या दस्तऐवजाने शरीराच्या निरनिराळ्या भागांवर किती बल व दाब पडलेला चालेल याच्या मर्यादा दिल्या, आणि आयएसओ 10218 या औद्योगिक रोबोटांच्या सुरक्षा-मानकाच्या 2025 च्या आवृत्तीत तो विषय समाविष्ट झाला. या मर्यादा पाळायच्या तर माणसाच्या जवळ रोबोटने सावकाश चालावे लागते. शिवाय सुरक्षितता तपासायची ती संपूर्ण कामाची, केवळ हाताची नव्हे: ग्रिपरला (हाताच्या टोकाच्या पकडीला) धारदार पाते असेल किंवा हातात गरम स्प्रू असेल, तर हात कितीही सौम्य असला तरी कुंपण किंवा माणूस जवळ आल्याचे ओळखणारा स्कॅनर लावावाच लागेल.

आता मोल्डिंग मशीनच्या आतला भाग तर दरवाजे व इंटरलॉकने (दार उघडताच मशीन थांबवणाऱ्या कुलपाने) आधीच बंद असतो. तिथे कोबॉटचा मुख्य गुण कामाला येत नाही, आणि त्याचा संथपणा मात्र साच्याच्या उघड्या काळात मोजावा लागतो. त्यामुळे टेक-आउटसाठी कोबॉट मी सुचवणार नाही, सायकल खूप लांब आणि बॅच खूप छोट्या असल्याशिवाय. मशीनबाहेर पॅकिंग, स्क्रू बसवणे, तपासणीच्या जागी वस्तू देणे, सीएनसीला तुकडे भरवणे, यांसाठी तो उत्तम आहे. अशा बाहेरच्या कामांत सपाट पृष्ठभागावर वेगाने उचल-ठेव एवढेच असेल, तर स्कारा (आडव्या पातळीत फिरणारा) किंवा डेल्टा (वरून तीन काड्यांवर लटकणारा) रोबोटही पाहावा. ते अधिक वेगवान असतात.

किंमत कुठे लपते

तिन्ही प्रकारांत ग्रिपर हा खर्चाचा कोपरा दुर्लक्षित राहतो. उचलण्याच्या क्षमतेत ग्रिपरचेही वजन धरलेले असते, आणि हात लांब पसरल्यावर ती क्षमता मनगटावरील भाराच्या अंतराप्रमाणे कमी होते. प्रत्येक साच्यासाठी वेगळा ग्रिपर लागतो. वीस साचे असतील तर वीस ग्रिपर, त्यांची मांडणी ठेवायची जागा आणि झटपट बदलण्याची जोडणी, हे सर्व कोटेशनमध्ये आहे का ते पाहावे. अनेक कॅव्हिटींच्या (एका वेळी अनेक वस्तू काढणाऱ्या) साच्यात सर्व सक्शन कप एकाच व्हॅक्युम वाहिनीवर ठेवले तर एक वस्तू साच्यात राहिल्याचे नेमके कळत नाही, आणि त्यावर साचा मिटला तर झालेले नुकसान रोबोटच्या किमतीशी स्पर्धा करू शकते. वाहिन्या वेगळ्या घ्याव्यात.

मशीन आणि रोबोट यांच्यातील संकेतांसाठी युरोमॅप 67 ही जोडणी प्रचलित आहे; साचा उघडला, इजेक्टर पुढे आला, आता साचा मिटण्यास हरकत नाही, असे संकेत तिच्यातून जातात. जुन्या मशीनवर युरोमॅप 12 असू शकते, किंवा काहीच नसू शकते, आणि मग वायरिंगचा व सुरक्षा-सर्किटचा खर्च वाढतो. हा तपास मशीनच्या पॅनेलसमोर उभे राहून करावा, कागदपत्रांवर विसंबू नये.

ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याकडून स्वतःच्या साच्यावर किंवा निदान स्वतःच्या वस्तूवर चाचणी मागावी, साचा उघडा राहण्याचा काळ ग्रिपरसह मोजून घ्यावा, आणि स्वीकृतीची अट एखाद्या प्रात्यक्षिकाची न ठेवता सलग संपूर्ण शिफ्टची ठेवावी. प्रोग्रामची प्रत, पेंडंटचे सर्व पातळ्यांचे पासवर्ड आणि ग्रिपरची रेखाटने शेवटचा हप्ता देण्याआधी ताब्यात घ्यावीत.