फेल२बॅन : उपयोग कुठे होतो, कुठे होत नाही

आमच्या व्यवसायाची वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालते, त्याची लॉग फाइल (सर्व्हरवर घडणाऱ्या गोष्टींची नोंदवही) मी पहिल्यांदा नीट वाचली, तेव्हा ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी आत शिरण्याच्या फसलेल्या प्रयत्नांनी पानेच्या पाने भरलेली होती. हे प्रयत्न कोणी माणूस बसून करत नाही. पासवर्डच्या याद्या घेऊन प्रोग्रॅम ते अहोरात्र करत राहतात. ते थोपवण्यासाठी मी फेल२बॅन हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवले, आणि तेवढ्या कामापुरते ते अत्यंत भरवशाचे ठरले आहे.

ते लॉग फाइलवर सतत लक्ष ठेवते आणि मूळ सेटिंगनुसार एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकावरून) १० मिनिटांत ५ वेळा लॉगिन फसले, की फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेत) नियम घालून तो पत्ता १० मिनिटे बंद करते. तेवढ्या अवधीनंतर तेच पत्ते परत येतात. म्हणून वारंवार बंदी ओढवून घेणाऱ्यांना आठवडाभर बाहेर ठेवणारी ‘रेसिडिव्ह’ ही सोय मला सर्वांत मोलाची वाटली. ती आपणहून चालू करावी लागते. सेटिंगमधले आपले बदल ‘जेल.लोकल’ या फाइलमध्येच लिहावेत, कारण ‘जेल.कॉन्फ’ या मूळ फाइलमधले बदल अपडेटच्या वेळी पुसले जाऊ शकतात. कार्यालयाचा आयपी पत्ता ‘इग्नोअरआयपी’च्या (कधीही बंदी न घालायच्या पत्त्यांच्या) ओळीत लिहायचा माझ्याकडून राहून गेला होता, आणि एका सहकाऱ्याचा पासवर्ड सलग चुकल्यावर सगळ्या कार्यालयालाच सर्व्हरचे दार बंद झाले, म्हणून ही ओळ सर्वांत आधी लिहावी.

वेबसाइटच्या बाबतीत मात्र अधिक मेहनत घ्यावी लागते. वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) पासवर्ड चुकला तरी वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये २०० हा यशाचाच कोड नोंदला जातो, त्यामुळे फसलेले लॉगिन स्वतंत्रपणे नोंदवणारे प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) जोडल्याशिवाय फेल२बॅनला ते ओळखता येत नाही. साइट प्रॉक्सीच्या (पाहुणा आणि आपला सर्व्हर यांच्यामधल्या मध्यस्थ सर्व्हरच्या) मागे असेल, तर पाहुण्याचा खरा पत्ता लॉगमध्ये येतो की नाही हेही तपासावे. नाहीतर बंदी प्रॉक्सीवरच बसते. शेकडो पत्त्यांवरून प्रत्येकी दोन-तीनच प्रयत्न झाले तर ते नजरेतून सुटतात, आणि चोरलेला खरा पासवर्ड तर पहिल्याच प्रयत्नात आत नेतो. त्यामुळे एसएसएचचे (सर्व्हरवर दुरून काम करण्याच्या सुरक्षित जोडणीचे) पासवर्ड लॉगिन बंद करून ‘की’ (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) वापरणे आणि ॲडमिन खात्याला दुहेरी पडताळणी लावणे ही दोन कामे मी फेल२बॅनच्याही आधीची मानतो.