खिशातला वजनकाटा, आठ महिन्यांनंतर: वजन चोख, झोप अनावर

काल २००० वेढ्यांचं कॉइल सोळाशेच्या आसपास अडलं. तार संपली. बारीक तारेला मधेच जोड देणं मला पटत नाही, म्हणून सगळं उलगडलं आणि आता हे लिहायला बसलोय.

कॉइलसाठी तांब्याची तार किती मीटर आहे हे मी तिच्या वजनावरून काढतो, त्यासाठी हा काटा. ५०० ग्रॅमचा, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वजनाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मिनिटभरात आपोआप बंद होण्याची. रिकामं बॉबिन (तार गुंडाळायची प्लॅस्टिकची फिरकी) ठेवून टेअर केलं, म्हणजे तेवढं वजन वजा करून काटा शून्यावर आणला, भरलेल्या बॉबिनचं सुटं टोक चिकटपट्टीने बसवेपर्यंत महाराज झोपले. परत चालू केला, ९८ ग्रॅम दिसले. टेअर गेलाय हे डोक्यातच आलं नाही. १८ ग्रॅम प्लॅस्टिकची मी २६ मीटर तार धरली! ही वेळ वाढवायची सोय नाही. बटणं दाबून, धरून, सगळं करून झालं.

पण या काट्याला पहिल्या महिन्यात मी फुकटच्या शिव्याही घातल्यात. तेव्हा १०४ ग्रॅम तार होती, कॅलिपरवर (जाडी मोजायच्या पट्टीवर) व्यास ०.३५ मिमी. व्यासाचा वर्ग गुणिले ७.०४ म्हणजे मीटरमागे ग्रॅम, त्या हिशोबाने १२० मीटर. हवी होती १४०. दुसरं रीळ आणलं, आणि काम पहिल्यातच भागलं. काटा बरोबर होता, कॅलिपर इनॅमलसकट, म्हणजे तारेवरच्या वीजरोधक लेपासकट, मोजत होता. आतलं तांबं ०.३१५. व्यासाचा वर्ग होतो ना, एवढासा थर सहावा हिस्सा लांबी खाऊन गेला.

तेव्हापासून कॅलिपर खणात. बॉबिनवर भरतानाच आतलं टोक बाहेर ठेवायचं, दोन्ही टोकं खरवडून मल्टिमीटरवर ओहम (तारेचा विद्युत रोध) घ्यायचे, ग्रॅमने गुणायचे, वर्गमूळ काढून गुणिले २.५४. लांबी मीटरमध्ये. व्यास लागतच नाही! त्या पहिल्या रिळाचे ३१.८ ओहम होते, उत्तर १४६. इनॅमलच्या वजनामुळे दोनेक मीटर जास्त येतं, पण वर्गमुळात तीही चूक निम्मी होते. तारेच्या जाडीचा नंबर ब्रिटिश गेजचा की अमेरिकन ही भानगडही मिटली. ३० गेज ब्रिटिश असेल तर ०.३१५ मिमी, अमेरिकन असेल तर ०.२५५. फक्त गरम तारेचे ओहम घेऊ नका, दहा अंशांना जवळपास चार टक्के वाढतात.

काल ओहम घ्यायचा कंटाळा केला, हे कबूल. मल्टिमीटर हाताशीच होता. तरी एक स्टार कापलाय.

आता प्रत्येक रिकाम्या बॉबिनवर मार्करने वजन लिहिलंय, टेअरच्या नादी लागत नाही. आणि सात महिने पडून असलेलं ते दुसरं रीळ आज फोडलं, एवढाच काय तो फायदा.