आर्टेमियातील जिवाणू: कवच काढावे की पिल्ले धुवावीत?

आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातील बारीक कवचधारी जीव; त्याची नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्ले मासे-कोळंबीच्या अळ्यांना जिवंत खाद्य म्हणून देतात, पण त्यांच्यासोबत जिवाणूही येतात. हॅचरी (मासे-कोळंबीच्या अळ्या वाढवण्याचे केंद्र) नव्याने चालवणाऱ्या एका मित्राला अंड्यांचे कवच काढणे आणि पिल्ले धुणे या दोहोंपैकी एकच उपाय परवडणारा आहे.

हायपोक्लोराइटने (क्लोरीनयुक्त ब्लीचने) अंड्यांचे कवच विरघळवल्यास त्यावरचे जिवाणू मरतात आणि रिकामी टरफले अळ्यांच्या पोटात जात नाहीत; मात्र द्रावण ४० अंश सेल्सिअसच्या वर तापले तर भ्रूण दगावतात, आणि उरलेला क्लोरीन थायोसल्फेटने निष्प्रभ करावाच लागतो. शिवाय, आणि हे फार महत्त्वाचे, अंडी फुटताना पाण्यात ग्लिसरॉल सुटते, ज्यावर व्हिब्रिओ (अळ्यांना रोग लावू शकणारे जिवाणू) पुन्हा झपाट्याने वाढतात.

धुण्याला खर्च व कौशल्य कमी लागते. बाहेरचे जिवाणू घटतात, आतड्यातले राहतात.

टरफले वेगळी करणे जमत नसेल, तर कवच काढावे. मनुष्यबळ मोजके असेल, तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन पिल्ले लगेच खाऊ घालावीत.