संरक्षण करार, भागीदारी की तटस्थता: बाकीच्या देशांशी नातं कशाने बिघडतं?

बलाढ्य देशाशी जवळीक किती करावी, या वादात 'संकटात कोण धावून येईल' एवढंच पाहिलं जातं. त्या जवळिकीपायी कोण दुरावेल, हा हिशेब मागे पडतो. लेखी संरक्षण करार, कराराविना भागीदारी आणि तटस्थता या तिन्ही वाटांचा तो हिशेब वेगवेगळा निघतो. आमच्या मते तो सहीपेक्षा जमिनीवर काय उभं राहतं यावर जास्त ठरतो.

लेखी करार

करारातली हमी वाटते तेवढी घट्ट नसते. नाटो या अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांच्या लष्करी आघाडीच्या करारातलं कलम 5 एका सदस्यावरचा हल्ला सर्वांवरचा मानतं, पण प्रत्येकाने आपल्याला आवश्यक वाटेल ती कृती करायची. सैन्य धाडलंच पाहिजे असं त्यात नाही. विरोधी गोट मात्र इतकं बारीक वाचत बसत नाही.

पाकिस्तानने 1954 मध्ये अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार केला, त्याच वर्षी तो सीटो आणि पुढच्या वर्षी बगदाद करार या पाश्चात्त्य गोटाच्या लष्करी आघाड्यांत गेला. त्याची नजर भारतावर होती, अमेरिकेची सोव्हिएत संघावर. डिसेंबर 1955 मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी श्रीनगरला येऊन काश्मीर भारताचं असल्याचं जाहीर केलं. 1957 आणि 1962 मध्ये सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार भारताच्या कामी आला. 1960 मध्ये सोव्हिएत हद्दीत पाडलेलं अमेरिकेचं यू-2 हेरविमान पेशावरहून उडालं होतं, तेव्हा मॉस्कोची धमकीही पाकिस्तानला ऐकावी लागली. आणि 1965 च्या युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा रोखला. झळ पाकिस्तानलाच जास्त बसली, कारण त्याची भिस्त अमेरिकी शस्त्रांवर होती.

नॉर्वेने हेच जास्त हुशारीने केलं. सोव्हिएत सीमेला लागून असूनही तो 1949 मध्ये नाटोचा संस्थापक सदस्य झाला. मात्र सहीआधीच त्याने मॉस्कोला कळवलं की, हल्ला किंवा हल्ल्याची धमकी नसेल तोवर परकीय सैन्याला आपल्या भूमीवर तळ देणार नाही.

दक्षिण कोरियाचा अनुभव हीच बाब उलट बाजूने दाखवतो. अमेरिकेशी त्याचा संरक्षण करार 1953 चा. तो असतानाच 1992 मध्ये चीनशी राजनैतिक संबंध जुळले आणि पुढे चीन त्याचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार बनला. बिनसलं ते 2016 मध्ये थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं ठरल्यावर. तिचं रडार आपल्या हद्दीत डोकावेल, हा चीनचा आक्षेप. 2017 मध्ये चिनी पर्यटकांच्या गटसहली थांबल्या आणि थाडला जागा देणाऱ्या लोट्टे समूहाची चीनमधली बरीच दुकानं अग्निसुरक्षेचं कारण दाखवून बंद करण्यात आली. संबंध जुळल्यावर करार चीनला दोन दशकांहून जास्त खपला, रडार वर्षभरही नाही.

भागीदारी

रशियाची एस-400 ही हवाई संरक्षण यंत्रणा तुर्कस्तानने घेतली, भारतानेही घेतली. तुर्कस्तान नाटोचा सदस्य, भारत अमेरिकेचा कराराविना भागीदार. 2019 मध्ये माल पोहोचताच अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-35 लढाऊ विमानांच्या कार्यक्रमातून काढलं आणि डिसेंबर 2020 मध्ये निर्बंध लादले. एफ-35 ची गुपितं रशियन यंत्रणेच्या हाती लागतील, ही भीती. भारताने 2018 मध्ये सुमारे 5.4 अब्ज डॉलरचा सौदा केला, त्यावर तसे निर्बंध आले नाहीत. घरच्याला लावलेला नियम पाहुण्याला लागला नाही.

पण दोन्ही डगरींवर हात ठेवणं फुकट पडत नाही. युक्रेन युद्धामुळे एस-400 च्या उरलेल्या तुकड्या लांबल्या. ऑगस्ट 2025 मध्ये रशियन तेलाच्या खरेदीवरून अमेरिकेने भारतीय मालावर 25 टक्के जादा आयातशुल्क लावलं. आणि युद्ध ओढवलं, तर कोणावरही लेखी बंधन नाही. ही वाट सर्वांत निगुतीने व्हिएतनाम चालतो: लष्करी आघाडी नाही, परकीय तळ नाही, एका देशाच्या बाजूने दुसऱ्याविरुद्ध नाही. सप्टेंबर 2023 मध्ये त्याने अमेरिकेला सर्वोच्च दर्जाचा भागीदार केलं. डिसेंबरमध्ये शी जिनपिंग हनोईत आले, जून 2024 मध्ये पुतिन.

तटस्थता

शेजारी ती मानतात तोवरच ती टिकते, आणि स्वतःचं सैन्य सक्षम ठेवावं लागतं. अलिप्तता सोडताना मधला काळ सर्वांत नाजूक. स्वीडन आणि फिनलंडने मे 2022 मध्ये नाटोकडे अर्ज केला. फिनलंड एप्रिल 2023 मध्ये आत आला, तुर्कस्तान आणि हंगेरीने अडवल्यामुळे स्वीडनला मार्च 2024 उजाडला. अर्जाच्या काही दिवस आधी दोघांनी ब्रिटनकडून परस्पर मदतीची आश्वासनं घेऊन ठेवली होती, ते शहाणपणाचं होतं.

सही करण्याआधी

शेजारी मोठा असेल आणि त्याने बळ वापरलेलं असेल, तर लेखी करारच घ्यावा, पण नॉर्वेसारख्या अटींसह. मुख्य व्यापार विरोधी गोटाशी असेल आणि सीमेवर तातडीचा धोका नसेल, तर भागीदारी बरी. मसुद्यात तळ, रडार आणि क्षेपणास्त्रांची कलमं आधी वाचावीत. सुटे भाग एकाच देशाकडून येणार असतील तर साठा आधीच करावा.

जुन्या मित्राला बातमी वर्तमानपत्रातून कळू नये. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिका आणि ब्रिटनसोबतचा ऑकस हा संरक्षण करार जाहीर करत फ्रान्सचं पाणबुड्यांचं कंत्राट मोडलं; फ्रान्सने कॅनबेरा आणि वॉशिंग्टनहून राजदूत परत बोलावले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाने फ्रेंच कंपनीला 55.5 कोटी युरो देऊन प्रकरण मिटवलं. बाहेर पडण्याची मुदतही पाहावी: नाटोतून बाहेर पडायला एका वर्षाची नोटीस लागते, तर अमेरिकी सैन्याच्या फिलिपिन्समधल्या ये-जा आणि मुक्कामाचे नियम ठरवणाऱ्या अमेरिका-फिलिपिन्स सैन्यभेट कराराला 180 दिवसांची. फिलिपिन्सने 2020 मध्ये ती दिली आणि 2021 मध्ये मागे घेतली.