लिमिट स्विच: एनओ जोडावा की एनसी?

जीआरबीएलवर (अर्डुइनोवर चालणारं कंट्रोल सॉफ्टवेअर) चालणाऱ्या छोट्या सीएनसीत (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) होमिंगची, म्हणजे टोकाच्या लिमिट स्विचपर्यंत जाऊन मशीनने आपली सुरुवातीची जागा शोधण्याची, बरीच दुखणी वायरिंगमध्येच सापडतात. लिमिट स्विच म्हणून लावलेल्या मायक्रोस्विचला तीन पाय: कॉम (दोन्हींना सामाईक), एनओ (न दाबता उघडा, दाबल्यावर जोडला जाणारा), एनसी (न दाबता जोडलेला, दाबल्यावर तुटणारा).

एनओ सोपा. $५=० (लिमिट पिनचा सिग्नल उलटा वाचायचा की नाही ही सेटिंग) तसंच ठेवायचं, दोन्ही टोकांचे स्विच पॅरलल जोडायचे, झालं. पण स्विच उघडा असताना लाइन फक्त अर्डुइनोच्या आतल्या कमजोर पुल-अपवर (लाइन 'हाय' धरून ठेवणारा रेझिस्टर) लटकलेली असते. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) सुरू केला की नॉइज शिरतो आणि काम अर्ध्यात सोडून 'अलार्म १' (लिमिट स्विच दाबला गेला) येतो. त्याहून वाईट म्हणजे वायर तुटली तर कंट्रोलरला पत्ताच लागत नाही. होमिंगला गँट्री (मशीनची सरकणारी चौकट) टोकाला धडकते, मोटर घरघरत राहते.

एनसीत लाइन सतत ग्राउंडला बांधलेली, म्हणून नॉइज बराच कमी. वायर निसटली तर स्विच दाबल्यासारखंच दिसतं; होमिंग लगेच थांबून 'अलार्म ८' (मागे सरकूनही स्विच सुटला नाही) येतो. स्विच सिरीजमध्ये जोडा, $५=१ करा.

मी एनसीच जोडतो. तपासायला कंट्रोलरला '?' (स्थिती विचारणारी कमांड) पाठवा: एक्स अक्षाचा स्विच बोटाने दाबल्यावर उत्तरात 'पीएन:एक्स' (Pn:X) दिसलं पाहिजे, सोडल्यावर गेलं पाहिजे. उलटं दिसलं तर $५ बदलायचं राहिलंय.